शाळेच्या व्हॅनचं लाइव्ह लोकेशन: व्हॅन दाखवा, घरं दाखवू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातली तीन जणांची टीम शाळेच्या व्हॅनसाठी ॲप बनवते आहे. चाळीस व्हॅन, चालकाच्या अँड्रॉइड फोनवरून लोकेशन, पालकांना नकाशावर व्हॅन दिसायला हवी आणि 'पाच मिनिटांत पोचते' अशी सूचना जायला हवी. चाचणीत तीन गोष्टी अडल्या. चालकाच्या फोनची बॅटरी दुपारपर्यंत उतरते. इतवारी-महालात ठिपका भलत्याच गल्लीत दिसतो. आणि एका आईने विचारलं, "माझ्या मुलीचा रोजचा रस्ता तुमच्याकडे किती दिवस राहतो, आणि तो कोण कोण बघू शकतं?" याचं उत्तर टीमकडे नव्हतं.

पहिली आणि तिसरी अडचण एकाच ठिकाणाहून येते: लोकेशन गरजेपेक्षा जास्त गोळा होतंय. तुम्हाला फेरीचं लोकेशन हवंय, चालकाचं नकोय आणि मुलांचं तर नाहीच नाही. फेरी सुरू झाली की लोकेशन सुरू, फेरी संपली की बंद, असं डिझाइन केलं की बॅटरी, सर्व्हरचं बिल आणि कायदा या तिन्ही आघाड्यांवरचं निम्मं काम होतं. गल्लीचं दुखणं वेगळं आहे, त्याकडे नंतर येतो.

त्याआधी एक आडवा सल्ला. ज्या व्हॅनवाल्या काकांकडे एक-दोनच गाड्या आहेत त्यांना ॲप विकू नका. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास देता येतं, त्यांचं काम तेवढ्यात भागतं. त्याची खोट एवढीच की अख्खा ग्रुप ते पाहतो, आणि बरेच जण एकदाच ८ तासांवर टाकून मोकळे होतात, म्हणजे शाळा सुटल्यावर काका कुठे गेले तेही ग्रुपला कळतं. तुमचं ॲप याहून चांगलं काय करणार, याचं उत्तर आधी कागदावर लिहा. 'नकाशा सुंदर दिसतो' हे उत्तर नव्हे.

कुणाच्या फोनवर कोणती परवानगी

पालकांच्या ॲपला लोकेशनची परवानगी लागतच नाही. बहुतेक टीम ती सवयीने मागतात. थांबा नकाशावर बोट ठेवून निवडता येतो. व्हॅन थांब्याजवळ आली का, हे सर्व्हर व्हॅनच्या बिंदूवरून आणि थांब्याच्या बिंदूवरून काढतो. पालकांच्या फोनवर जिओफेन्स (नकाशावर आखलेली अदृश्य सीमा) लावायची गरज नाही. परवानगीच नसल्यामुळे आयफोन आणि अँड्रॉइडमधले परवानगीचे फरकही पालकांच्या बाजूने आपोआप गळून पडतात.

चालकाच्या ॲपला अचूक लोकेशन लागतं, पण फक्त 'ॲप वापरात असताना' एवढंच. अँड्रॉइड १० पासून (२०१९) पार्श्वभूमीतल्या लोकेशनसाठी वेगळी परवानगी आहे आणि अँड्रॉइड ११ मध्ये ती देण्यासाठी वापरणाऱ्याला सेटिंग्जमध्ये जावं लागतं. तुम्ही त्या वाटेला जाऊच नका. काका ॲप उघडून 'फेरी सुरू' दाबतात, त्या क्षणी ॲप पडद्यावर असतं. तेव्हाच लोकेशन प्रकारची फोरग्राउंड सर्व्हिस (वापरणाऱ्याला दिसेल असं, सतत चालणारं काम) सुरू करा. मग पडदा बंद झाला, काकांनी दुसरं ॲप उघडलं, तरी लोकेशन येत राहतं, आणि वर नोटिफिकेशनमध्ये 'फेरी सुरू आहे, लोकेशन पाठवलं जात आहे' हे सतत दिसतं. कायमची सूचना म्हणजे कटकट, असं काहींना वाटतं. माझ्या मते ती या ॲपमधली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट आहे. अँड्रॉइड १४ पासून सर्व्हिसचा प्रकार मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती जाहीर करणाऱ्या फाइलमध्ये) लिहिणं आणि त्याची स्वतंत्र परवानगी जाहीर करणं सक्तीचं आहे, ते चुकलं तर सर्व्हिस सुरू होताच ॲप कोसळतं. प्ले स्टोअरवर ॲप चढवण्याच्या प्ले कन्सोलमध्येही त्या प्रकाराचं कारण भरावं लागतं.

अँड्रॉइड १२ पासून वापरणारा 'अंदाजे लोकेशन' निवडू शकतो. तसं झालं तर काही चौरस किलोमीटरच्या पट्ट्यातला बिंदू मिळतो, म्हणजे व्हॅन धरमपेठेत असून शंकरनगरला दिसेल. हे सुरुवातीलाच तपासा आणि 'फेरी सुरू' बटणाखाली साध्या मराठीत (आणि हिंदीतही, कारण आपल्याकडचे कितीतरी चालक हिंदी बोलणारे आहेत) सांगा की अचूक लोकेशनशिवाय वेळ चुकेल. परवानगी नाकारली म्हणून ॲप अडवून ठेवू नका. फेरी हाताने नोंदवायची सोय द्या: 'निघालो', 'शाळेत पोचलो'.

बॅटरी आणि किती बिंदू

शहरात व्हॅन सरासरी ताशी २५ किमीने धावते असं धरा. म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर, दहा सेकंदांत ७० मीटर. पालकाला मिनिटाच्या अचूकतेची वेळ हवी आहे, त्याला दहा सेकंदांचं अंतर भरपूर झालं. दर सेकंदाला बिंदू घेणारा कोड म्हणजे निव्वळ उधळपट्टी. सकाळ-दुपार मिळून १८० मिनिटं चालणाऱ्या व्हॅनचे दिवसाला १,०८० बिंदू होतात आणि चाळीस व्हॅनचे ४३,२००. हे कुठल्याही साध्या पोस्टग्रेस डेटाबेसला झेपतं. त्यासाठी महागड्या क्लाउड सेवा लागत नाहीत.

फ्यूज्ड लोकेशन प्रोव्हायडरला (उपग्रह, वाय-फाय आणि टॉवर मिळून ठिकाण काढणाऱ्या अँड्रॉइडच्या सोयीला) उच्च अचूकता, १० सेकंदांचं अंतर आणि १५ मीटरचं किमान विस्थापन सांगा. किमान विस्थापनामुळे सीताबर्डीच्या सिग्नलवर उभ्या व्हॅनचा ठिपका फारसा नाचत नाही. उभ्या फोनचे बिंदूही दहा-वीस मीटर इकडे तिकडे उडतात, आणि ते सगळे जोडत गेलात तर उभी व्हॅन अर्धा किलोमीटर धावलेली दिसते. पण यातून नवा घोळ होतो: उभ्या व्हॅनकडून काहीच येत नाही, मग व्हॅन उभी आहे की ॲप मेलं, हे सर्व्हरला कळणार कसं? म्हणून दर ६० सेकंदांनी 'मी जिवंत आहे' एवढाच संदेश पाठवा. त्यात अक्षांश-रेखांश नको, बॅटरीची टक्केवारी पुरे. दुपारी शाळेच्या फाटकाबाहेर व्हॅन अर्धा तास उभी असते तेव्हा अंतर ६० सेकंदांवर न्या.

स्वस्त फोन ॲप मारून टाकतात, हा यातला सगळ्यात मोठा खरा अडथळा आहे. शाओमी, व्हिवो, ओप्पो, रिअलमीच्या फोनमध्ये बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली सर्व्हिस बंद पडते. चालकाचं ॲप टाकताना त्याच्यासमोर बसून दोन गोष्टी करून द्या: बॅटरी सेटिंगमध्ये 'निर्बंध नाही', आणि जिथे असेल तिथे 'ऑटोस्टार्ट' सुरू. मेनूचं नाव कंपनीगणिक बदलतं, म्हणून ॲपमध्ये फोनच्या मॉडेलप्रमाणे चित्रांसह सूचना ठेवा. आणि तरीही ॲप मरेल असं गृहीत धरूनच सर्व्हर लिहा. तीन मिनिटं काही आलं नाही तर पालकाला गोठलेला ठिपका दाखवू नका. 'शेवटची नोंद ८:१२ ला, अजनी चौकाजवळ' असं दाखवा. जुना ठिपका ताजा भासवणं हा या प्रकारच्या ॲपमधला सगळ्यात घातक दोष आहे, कारण आई त्यावर विसंबून मुलाला खाली पाठवते.

नेटवर्क गेलं की बिंदू फोनमधल्या छोट्या डेटाबेसमध्ये साठवा आणि जोडणी आल्यावर एकगठ्ठा पाठवा. प्रत्येक बिंदूला स्वतःचा क्रमांक द्या, म्हणजे दोनदा आला तरी एकदाच मोजला जाईल. क्रम लावायचा तो बिंदू घेतल्याच्या वेळेवरून, सर्व्हरवर पोचल्याच्या वेळेवरून नव्हे. हे विसरलं की व्हॅन उलटी पळताना दिसते.

उन्हाचंही बघा. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे मे महिना वाचतो, पण एप्रिलची सकाळची शाळा सुटते तेव्हा काचेमागे डॅशबोर्डवर ठेवलेला फोन तापून चार्जिंग थांबवतो, पडदा मंद करतो आणि मग प्रोसेसर मंदावतो. स्टँड काचेवर लावू नका, गिअरच्या बाजूला सावलीत लावा. उपग्रहाचा सिग्नल खिडक्यांतून पुरेसा येतो.

ठिपका भलत्या गल्लीत का जातो

फोन प्रत्येक बिंदूसोबत अचूकतेचा आकडा देतो. अँड्रॉइडवर तो ६८ टक्के खात्रीची त्रिज्या असतो. '१२ मीटर' याचा अर्थ दर तीन बिंदूंतला एक त्या वर्तुळाबाहेर असू शकतो. इतवारी, महाल, गांधीबागेत रस्ता अरुंद आणि दोन्हीकडे तीन-चार मजले, मग सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोचतो आणि फोनला उपग्रह आहे त्याहून लांब वाटतो. दोन गल्ल्यांमधलं अंतर वीस मीटर असेल तर कोणती गल्ली हे एकट्या बिंदूवरून सांगता येत नाही. उपग्रहांच्या एल-१ (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) सिग्नलसोबत एल-५ (११७६.४५ मेगाहर्ट्झ) पकडणारे फोन इथे स्पष्टपणे बरे ठरतात, पण चालकाला नवा फोन घ्यायला लावणं शक्य नसतं.

करायचं ते गाळणं आणि जुळवणं. गाळताना अचूकता ५० मीटरहून वाईट असलेला बिंदू टाकून द्या. आधीच्या बिंदूपासून ताशी १०० किमीहून जास्त वेग निघत असेल तर तोही टाकून द्या. बिंदूचं वय घड्याळावरून काढू नका, फोन सुरू झाल्यापासूनच्या वेळेवरून काढा, कारण घड्याळ नेटवर्ककडून बदलतं. नकली लोकेशनची खूण असेल तर बिंदू टाकून देऊ नका, नोंदवून ठेवा आणि व्हॅनसेवेच्या संचालकाला सांगा. कधीकधी त्यात बदमाशी नसते, काकांच्या मुलाने गेमसाठी टाकलेलं ॲप असतं.

सकाळचा पहिला बिंदू बऱ्याचदा खोटा असतो. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला ५० बिट इतक्या संथ गतीने पाठवतो, ती पूर्ण यायला ३० सेकंद लागतात. इंटरनेट असेल तर फोन ती तिथून उचलतो, नसेल तर थांबतो, आणि तोवर मोबाइल टॉवरवरून काढलेला अंदाज देतो, जो पाऊण किलोमीटरही चुकू शकतो. काकांना सांगा, 'फेरी सुरू' निघण्याच्या दोन मिनिटं आधी, उघड्यावर दाबा.

वर्धा रोडवरची गंमत वेगळी. अजनी चौकाकडून विमानतळाच्या दिशेने खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो, असा ३.१४ किमीचा दुमजली पूल आहे. तिन्ही थरांचे अक्षांश-रेखांश एकच. उंचीवरून ओळखू म्हणाल तर फोनची उंची आडव्या अचूकतेहूनही वाईट असते, आणि वर तो सहसा समुद्रसपाटीपासूनची उंची देत नाही, पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची देतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, फोन पन्नासहून जास्त मीटर कमी आकडा दाखवतो. त्यात पुलाचे काही मीटर कुठे शोधणार? त्यापेक्षा वर्तनावरून ओळखा. पुलाखाली आभाळ झाकलेलं असतं, उपग्रह कमी दिसतात, अचूकता घसरते, सिग्नलवर थांबणं होतं. पुलावर मोकळं आभाळ आणि सलग वेग. ही माहिती आणि रस्त्यांचा क्रम वापरून रस्ता ठरवणाऱ्या पद्धतीला मॅप मॅचिंग म्हणतात. ओएसआरएम आणि व्हालहॅला ही मोफत साधनं ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या डेटावर ते करतात. दर तासाला नव्हे, फेरी चालू असताना शेवटच्या पाच-सहा बिंदूंवर चालवा.

खरं तर तुमच्या कामाला मॅप मॅचिंगही फार लागत नाही. शाळेच्या व्हॅनचा मार्ग वर्षभर ठरलेला असतो. तो एकदा रेघ म्हणून साठवा आणि प्रत्येक बिंदू त्या रेघेवर टेकवा. रेघेपासून १५० मीटरहून लांब गेला तरच 'मार्ग बदलला' समजा. इतवारीतला गल्लीचा घोळ यानेच मिटतो. वेळेचा अंदाजही यातूनच येतो: मार्गाचे थांबा-ते-थांबा तुकडे करा, मागच्या दहा शालेय दिवसांत प्रत्येक तुकड्याला लागलेल्या वेळेचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) घ्या आणि उरलेले तुकडे बेरजेत टाका. सरासरी घेऊ नका, एका दिवसाच्या मोर्च्याने ती बिघडते. हा अंदाज रोजच्या ठरलेल्या फेरीसाठी विकतच्या रूटिंग सेवेइतकाच चालतो आणि फुकट पडतो. सूचना 'तुमच्या आधी दोन थांबे' या घटनेवर पाठवा, मिनिटांवर नको. मिनिटं सिग्नलवर वर-खाली होतात आणि एकाच आईला तीन सूचना जातात.

डेटाबेसमधली एक जुनी चूक इथेच सांगतो: पोस्टजीआयएस (पोस्टग्रेसची नकाशांसाठीची जोड) आणि जिओजेसनमध्ये (ठिकाणं लिहिण्याच्या पद्धतीत) रेखांश आधी, अक्षांश नंतर. नागपूर म्हणजे २१.१५ उत्तर, ७९.०९ पूर्व. उलटं टाकलंत तर व्हॅन उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांच्या आसपास निघते, आणि अंतराच्या क्वेरीला काहीच सापडत नाही, चूकही दिसत नाही. शिवाय अंतर मीटरमध्ये हवं असेल तर भूगोल प्रकारचा स्तंभ वापरा. साध्या भूमिती प्रकारात उत्तर अंशांत येतं, आणि आपल्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०४ किमी तर अक्षांशाचा १११ किमी असल्याने वर्तुळही वाकडं होतं.

आता त्या आईचा प्रश्न

टीमचं लक्ष सहसा धावत्या ठिपक्याच्या सुरक्षिततेवर असतं. तो ठिपका दहा मिनिटांत शिळा होतो. खरा धोका थांब्यांच्या तक्त्यात आहे. कोणतं मूल, कोणत्या घरासमोर, सकाळी किती वाजता एकटं उभं असतं, ही यादी वर्षभर ताजी राहते. सगळी कुलुपं आधी तिथे लावा.

थांब्याच्या तक्त्यात मुलाचं नाव नको. थांबा आणि मूल यांची जोडी वेगळ्या, कूटबद्ध तक्त्यात ठेवा. चालकाच्या ॲपला त्या दिवसाच्या त्या फेरीचे थांबे आणि मुलांची फक्त पहिली नावं सकाळी पाठवा, फेरी संपताच फोनमधून पुसा. शक्य तिथे थांबा दाराऐवजी गल्लीच्या तोंडाशी किंवा चौकात ठेवायला सांगा. बालवाडीच्या मुलांसाठी दारच लागेल, तो अपवाद समजा.

पालकाला काय दिसावं? पूर्ण मार्गावर ठिपका फिरताना दिसला तर तो जिथे जिथे थांबतो ती दुसऱ्यांची घरं आहेत, हे कोणीही दोन दिवसांत जुळवेल. म्हणून सुरुवातीला फक्त मजकूर द्या: 'व्हॅन निघाली, शंकरनगर चौक ओलांडला, तुमच्या आधी ३ थांबे'. आजी-आजोबांना नकाशापेक्षा चौकाचं नाव जास्त कळतं, हाही फायदा. नकाशावर ठिपका त्या पालकाच्या आधीच्या थांब्यापासून त्याच्या थांब्यापर्यंतच उघडा. मूल उतरलं, सकाळी शाळेत आणि दुपारी घरी, की त्या पालकासाठी फेरी बंद.

थांबा बदलण्याचा अधिकार पालकाकडे मोकळा ठेवू नका. थांबा हवा तिथे सरकवता येत असेल आणि ॲप 'व्हॅन १.२४ किमी दूर' असं सांगत असेल, तर तीन ठिकाणी थांबा ठेवून तीन वर्तुळांच्या छेदातून व्हॅन नेमकी कुठे आहे हे काढता येतं. टिंडरच्या बाबतीत सुरक्षा संशोधकांनी २०१४ मध्ये हाच प्रकार उघड केला होता: सर्व्हर अंतर दशांशाच्या ढीगभर आकड्यांसह पाठवत होता. नुसतं अंतर गोल करून भागत नाही, कारण आकडा बदलतो ती सीमा शोधून पुन्हा नेमकं ठिकाण काढता येतं. आधी बिंदू जाळीच्या चौकटीवर बसवा, मग अंतर मोजा. तुमच्याकडे सोपा उपाय आहे: अंतर दाखवूच नका, थांब्यांची संख्या दाखवा, आणि थांबा बदलायचा असेल तर संचालकाची मंजुरी लागू दे.

पाठवताना दशांश छाटा. चार दशांश म्हणजे सुमारे ११ मीटर, पाच म्हणजे सव्वा मीटरच्या आत. पंधरा दशांश पाठवणारा जेसन (डेटा पाठवण्याचा मजकूर) अचूक नसतो, नुसता बडबडा असतो.

गळती सहसा दारातून होत नाही, मोरीतून होते. वेबपत्त्यातला फेरीचा क्रमांक १०४३ चा १०४४ केला की दुसऱ्याची व्हॅन दिसते, ही सगळ्यात सामान्य चूक. प्रत्येक विनंतीला 'हा पालक, ही फेरी, ही वेळ' हे सर्व्हरवर तपासा. एमक्यूटीटी (छोटे संदेश पाठवण्याची पद्धत) वापरत असाल तर ब्रोकरवर (संदेश वाटणाऱ्या सर्व्हरवर) प्रत्येक ग्राहकाला फक्त त्याच्याच व्हॅनचा विषय ऐकता येईल असा नियम लावा. तो नसेल तर एक हॅशचं चिन्ह टाकून कुणीही चाळीसच्या चाळीस व्हॅन ऐकू शकतो. अक्षांश-रेखांश वेबपत्त्याच्या शेपटीत पाठवू नका, ते सर्व्हरच्या लॉगमध्ये कायमचे बसतात. क्रॅश अहवालात लोकेशन जातंय का ते उघडून बघा. जाहिरातीचं कोणतंही तयार किट या ॲपमध्ये नको, आणि विश्लेषणाचं किट टाकलंच तर त्याचं लोकेशन बंद करा. पुश सूचनेत मुलाचं नाव आणि थांबा नको: कुलूपबंद पडद्यावरही ती दिसते आणि तिसऱ्याच्या सर्व्हरवरून जाते. 'व्हॅन जवळ आली' एवढं पुरे. आणि चाचणीच्या सर्व्हरवर खऱ्या डेटाबेसची प्रत टाकण्याचा मोह टाळा. नव्या इंटर्नच्या लॅपटॉपवर चारशे घरं जातात ती त्याच वाटेने.

'नावं काढून टाकतो, मग डेटा निनावी झाला' हा बचाव टिकत नाही. २०१३ मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात १५ लाख लोकांचा १५ महिन्यांचा मोबाइल डेटा तपासला होता. वेळ आणि ठिकाणाचे फक्त चार बिंदू ९५ टक्के लोकांना वेगळं ओळखायला पुरेसे होते, आणि तेही टॉवरच्या पातळीच्या ढोबळ डेटावर. तुमचा डेटा दहा मीटरचा आहे.

काकांचंही खासगीपण आहे, हे बहुतेक प्रस्तावांत कुठेच नसतं. शेवटच्या थांब्यानंतर दहा मिनिटांनी किंवा सुरू झाल्यापासून अडीच तासांनी फेरी आपोआप बंद व्हायला हवी. 'फेरी संपली' दाबायला विसरणं रोजचं आहे, आणि मग रात्रभर त्यांचं घर नोंदवलं जातं. फेरी घरून सुरू होत असेल तर पहिले २००-३०० मीटर साठवू नका. मात्र घर केंद्र धरून वर्तुळ काढून ते पुसलं तर दहा दिवसांचे मार्ग ज्या वर्तुळावर तुटतात त्याचा मध्य म्हणजे घर, हे सहज निघतं. केंद्र शंभर-दोनशे मीटर भलतीकडे, एकदाच, यादृच्छिक सरकवा आणि तेच कायम ठेवा. रोज नवं सरकवलंत तर सरासरी पुन्हा घरावरच येते. संचालकाला वेगाच्या नोंदी हव्या असतील तर चालकाला ते आधी, वेगळं, लेखी सांगा. पालकांना वेळ सांगायला घेतलेला डेटा गुपचूप पगार कापायला वापरला की दुसऱ्या दिवसापासून फोन 'चार्जिंग संपलं' म्हणून बंद यायला लागतात.

कायदा

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. पण आत्ता बांधताय तर आत्ताच त्याप्रमाणे बांधा, नंतर तक्ते फोडणं महाग पडतं. कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे. मुलांचा डेटा हाताळायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते, आणि मुलांचा माग काढणं, त्यांच्या वागणुकीवर नजर ठेवणं, त्यांना उद्देशून जाहिराती करणं यांना मनाई आहे. नियमांत एक सूट आहे: शाळेने किंवा पाळणाघराने मुलांच्या वाहतुकीसाठी नेमलेल्याला, येण्या-जाण्याच्या प्रवासात, मुलांच्या सुरक्षेपुरता लोकेशनचा माग ठेवता येतो. 'नेमलेल्याला' हा शब्द नीट वाचा. नागपुरातल्या बऱ्याच व्हॅन आणि ऑटो पालकांनी परस्पर ठरवलेल्या असतात, शाळेचा त्यांच्याशी करार नसतो. त्यांच्यासाठी ही सूट गृहीत धरू नका, पालकांची संमती रीतसर घ्या. शाळेचा करार असेल तर त्याची प्रत फाइलला लावा.

संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे मराठी आणि हिंदी आलीच. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आणि मुलांबाबतच्या बंधनांचा भंग झाल्यास २०० कोटींपर्यंत जाऊ शकतो. नियमांत काही डेटा आणि प्रवेश-नोंदी किमान वर्षभर राखण्याची अटही आहे. 'तीस दिवसांत सगळं पुसतो' असं छापण्याआधी कोणती नोंद कशात मोडते ते वकिलाकडून ठरवून घ्या. माझी मांडणी अशी: कच्चे बिंदू चालू तक्त्यातून १५ दिवसांत बाहेर, कायद्याने ठेवायचंच ते वेगळ्या कूटबद्ध साठ्यात, ज्याची किल्ली विकसकांकडे नाही, आणि कायम ठेवायचे ते फक्त मार्गाच्या तुकड्यांना लागलेले वेळ. त्यात कुणाचंच घर नसतं.

पालकांना दाखवायची सूचना इतकी छोटी असू शकते: "आम्ही व्हॅनचं लोकेशन फक्त फेरी सुरू असताना घेतो. तुमच्या किंवा मुलाच्या फोनचं लोकेशन घेत नाही. तुमचा थांबा चालक आणि संचालक यांनाच दिसतो. व्हॅनचा मार्ग १५ दिवसांनंतर ॲपमधून काढला जातो, कायद्यासाठी लागणारी प्रत बंद साठ्यात एक वर्ष राहते. संमती याच पानावरून काढून घेता येते." शेवटचं वाक्य लिहिलंत तर ते बटण खरोखर चालायला हवं, आणि ते दाबल्यावर मुलाची व्हॅन बंद न होता फक्त ॲपमधली सोय बंद व्हायला हवी.

उतरवण्याआधी

एमुलेटरमध्ये (संगणकावरच्या नकली फोनमध्ये) मार्गाची जीपीएक्स फाइल (बिंदूंची नोंद) चालवून तर्क तपासा, पण त्यावर समाधान मानू नका. तीन जीबी रॅमचा जुना फोन घेऊन खऱ्या व्हॅनमधून तीन फेऱ्या करा: इतवारी-महालच्या गल्ल्या, वर्धा रोड पुलाखालून आणि पुलावरून, आणि मिहानचं मोकळं माळरान. प्रत्येक फेरीत मध्येच एकदा फोन विमान मोडवर टाका, एकदा ॲप यादीतून सरकवून बंद करा, एकदा फोन रिस्टार्ट करा. ६० सेकंदांहून मोठी किती भगदाडं पडली आणि ती पडली तेव्हा पालकाच्या पडद्यावर काय दिसत होतं, हे लिहून ठेवा. मग दुसऱ्या पालकाच्या खात्यातून पहिल्याची फेरी उघडायचा मनापासून प्रयत्न करा, निम्मा दिवस त्यालाच द्या.

एप्रिलअखेर शाळा संपली की थांब्यांचा तक्ता रिकामा करण्याचं काम आत्ताच कॅलेंडरमध्ये टाका. जूनमध्ये पालकांकडून थांबा नव्याने घ्या. दरवर्षी बरीच मुलं व्हॅन बदलतात, घर बदलतात, आणि मागच्या वर्षीचा पत्ता सांभाळून तुमचं एकही काम सोपं होत नाही.